गच्चीवरचा मुलगा, दारामागची आई

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा चाळताना जाणवले की प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच काळजी आहे : मनोरुग्ण माणूस केव्हा काय करील याचा नेम नाही. म्हणून परीक्षेचा ताण आणि झोप यांविषयीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून या वेळी चारच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : कर्वेनगरात आमची चोवीस सदनिकांची सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबातील सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाने वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि तेव्हापासून तो विचित्र वागतो. रात्री दोन-दोन वाजता गच्चीवर येरझाऱ्या घालतो, स्वतःशी पुटपुटतो. महिन्यापूर्वी त्याने वॉचमनला विचारले की पार्किंगमधला कॅमेरा आमच्याच दाराकडे का वळवला आहे. त्याने आजवर कोणाला हात लावलेला नाही, पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती एकटी जिन्याने ये-जा करते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सभासदाने ‘स्वारगेटची बस विसरलात का?’ असे लिहिल्यापासून वातावरण तापले आहे. त्या कुटुंबाला घर सोडण्याची नोटीस द्यावी असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे आणि मी चिटणीस असल्यामुळे मसुदा मलाच लिहायचा आहे. हा मुलगा खरोखर धोकादायक आहे का?
– श. म., कर्वेनगर

उत्तर : ‘त्याने आजवर कोणाला हात लावलेला नाही’ हे तुमच्या पत्रातील वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण सभेपुढे ठेवण्याजोगी वस्तुस्थिती तेवढीच आहे आणि तुमच्या पत्रात ती ‘पण’ या शब्दाच्या अलीकडे अंग चोरून बसली आहे.

न पाहिलेल्या माणसाचे निदान पत्रावरून करणे योग्य नव्हे आणि मी ते करणार नाही. मात्र नोकरी सुटणे, रात्रीची झोप उडणे, स्वतःशी बोलणे, कॅमेरा आपल्यावरच रोखला आहे असे वाटणे, या गोष्टी वर्षभरात एकीवर एक साठत गेल्या असतील तर ती एखाद्या गंभीर मनोविकाराची सुरुवात असू शकते. स्किझोफ्रेनिया हा त्यांतलाच एक. जगात साधारणपणे तीनशे माणसांमागे एकाला तो असतो आणि पुरुषांमध्ये बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. या अवस्थेतल्या माणसाला कॅमेऱ्याचा संशय येतो असे आपण बाहेरून म्हणतो, पण त्याच्या लेखी तो संशय नसतोच, कॅमेरा खरोखर त्याच्याकडे पाहत असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाने घरातला टीव्ही कित्येक महिने आजीच्या जुन्या नऊवारीने झाकून ठेवला होता. औषधांनी त्याला बरे वाटू लागल्यावर मी सहज विचारले की अपरात्री गच्चीवर काय करायचास, तेव्हा तो म्हणाला, ‘तेव्हा सगळ्यांच्या खिडक्या बंद असतात ना.’ तुमच्या इमारतीत रात्री दोन वाजता सर्वांत जास्त घाबरलेला माणूस बहुधा गच्चीवर आहे.

आता स्वारगेटविषयी. २५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी एका एसटी चालकाने स्वारगेट आगारातून बस पळवली, ती शहरातल्या रस्त्यांवरून बेफाम चालवली आणि त्यात नऊ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पुण्यात असलेल्या कोणालाच ते विसरता येणार नाही, मलाही येत नाही. ‘माथेफिरू’ हा शब्द त्या दिवसापासून इथल्या लोकांच्या जिभेवर जो बसला तो अजून उतरलेला नाही. पण त्या खटल्यात मानसिक आजाराचा बचाव न्यायालयांनी मान्य केला नाही, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली, पण दोषी ठरवणारा निकाल कायम राहिला. म्हणजे ज्या घटनेचा दाखला देऊन तुमचे सभासद तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला घालवू पाहत आहेत, ती कायद्याच्या अर्थाने वेडाच्या भरात घडलेली ठरलीच नाही.

धोक्याचा अंदाज घ्यायचा असेल तर आजाराच्या नावाचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांची तुलना त्यांच्याच वस्तीत राहणाऱ्या इतर माणसांशी करण्यात आली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की ज्या रुग्णांना दारूचा किंवा अमली पदार्थांचा विळखा नव्हता, त्यांच्यात हिंसेचे प्रमाण व्यसनमुक्त शेजाऱ्यांइतकेच होते. व्यसन आले की ते दोन्हीकडे वाढत होते. गंभीर मनोविकार समूळ नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा सुमारे चार टक्क्यांनीच कमी होईल, असाही तिकडचाच एक अंदाज आहे. उरलेली शहाण्णव टक्के आपण शहाणी माणसे करतो. तेव्हा विचारायचे ते असे : या मुलाने पूर्वी कधी मारहाण केली आहे का, तो दारू किंवा गांजा घेतो का, आणि ‘अमुक एक माणूस माझ्या जिवावर उठला आहे’ असे तो कोणा ठरावीक माणसाविषयी बोलतो का? तुमच्या पत्रात यांपैकी काहीही नाही.

शब्दांविषयी थोडे, विषयांतराचा दोष पत्करून. स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकणाऱ्याला वाटते की या माणसात दोन माणसे राहतात आणि त्यांतला एक सैतान असतो. या आजारात असले काही नसते. जपानमध्येही जुन्या नावाचा अर्थ असाच ‘मन दुभंगण्याचा रोग’ असा होता, आणि ते रुग्णापुढे उच्चारायला डॉक्टरच कचरत असत, म्हणून २००२ मध्ये तिथे आजाराचे नावच बदलण्यात आले. पुण्यात तर येरवड्याला मनोरुग्णालय आहे म्हणून आपण एका अख्ख्या वस्तीची शिवी करून ठेवली आहे : ‘याला येरवड्याला पाठवा.’ येरवड्यात लहानाची मोठी झालेली माझी एक मैत्रीण आजही पत्ता सांगताना ‘कल्याणीनगरजवळ’ म्हणते.

ठरावाबद्दल स्पष्टच सांगते, तो मसुदा लिहू नका. घरात कोणाला आजार आहे एवढ्या कारणावरून कुटुंबाला घराबाहेर काढण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा आणि वेगळे न पाडले जाण्याचा हक्क आहे. शिवाय नोटीस हातात पडताच ते कुटुंब दार अधिकच घट्ट लावून घेईल आणि उपचार आणखी सहा महिने लांबतील. खरा धोका कुठे वाढत असेल तर तो या लांबण्यात आहे.

त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी, ज्यांच्याशी त्या मुलाच्या आईचे बरे जमते अशा एकाच शेजारणीला बरोबर घेऊन तिच्याकडे जा. पाच जणांचे शिष्टमंडळ नेऊ नका. ‘तुमचा मुलगा असे करतो’ अशी सुरुवात करण्याऐवजी ‘तो रात्री झोपत नाही असे दिसते, तुम्हीही जाग्याच असाल’ असे म्हणून पाहा. माझ्या अनुभवात या वाक्यावर आया रडतात आणि मग बोलतात. डॉक्टर कोण, औषध कोणते, हे मात्र खोदून विचारू नये, ते सांगणे न सांगणे त्यांच्याकडे आहे. गच्चीची काळजी मलाही आहे, पण तुमच्याहून वेगळ्या कारणाने : या आजारात इतरांना इजा होण्यापेक्षा रुग्णाने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भीती कितीतरी अधिक असते. म्हणून गच्चीचे दार रात्री दहानंतर सर्वांसाठीच कुलूपबंद ठेवण्याचा नियम करा आणि त्याचे कारण सभेच्या इतिवृत्तात लिहू नका. मुलीला, कोणत्याही मोठ्या माणसाबरोबर न सांगता कुठे जायचे नाही, एवढा जो नियम तुम्ही तिला एरवीही सांगाल तोच सांगा. ‘त्या दादापासून लांब राहा’ हे तिला सांगितलेत तर ती ते दुसऱ्या दिवशी खेळताना मोठ्याने सगळ्यांना सांगेल.

उद्या त्याने कोणाला धमकावले किंवा कोणाच्या अंगावर गेला, तर आधी कुटुंबाला आणि गरज पडल्यास ११२ ला कळवायचे, जसे तुम्ही इतर कोणत्याही सभासदाबाबत कराल.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, वय ७१. आमच्या ३४ वर्षांच्या मुलावर आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. तो गोळ्या घेत नाही हे आम्हाला फार उशिरा कळले. तुळशीच्या कुंडीतली माती बदलताना पत्नीला खाली बावीस गोळ्या सापडल्या. आता तो आईच्या हातचे खात नाही. गेल्या मंगळवारी चहात काहीतरी घातले आहे असे म्हणत त्याने कप भिंतीवर फेकला आणि तिचा हात पिरगळला. दोन बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. दवाखान्यात ती ‘न्हाणीघरात घसरले’ असे सांगून टाके घालून आली. रात्री आम्ही खोलीला आतून कडी लावून झोपतो आणि कडी लावताना लाज वाटते. मनोरुग्ण हिंसक नसतात असे एका व्याख्यानात ऐकले होते. मग आमच्या घरात चालले आहे ते काय? पोलिसांना बोलावले तर मुलावर गुन्हेगाराचा शिक्का बसेल. एक नातेवाईक त्याला एका मठात ठेवा म्हणतात, तिथे अशांना बांधून ठेवतात म्हणे.
– एक वडील, सदाशिव पेठ

उत्तर : कडी लावत राहा. त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

त्या व्याख्यानाची जबाबदारी आम्हा मंडळींवर येते. समाजाची भीती कमी व्हावी म्हणून आम्ही ‘मनोरुग्ण हिंसक नसतात’ असे अर्धेच वाक्य बोलतो, आणि ते ऐकून ज्यांच्या घरात हिंसा घडते आहे अशी माणसे गप्प बसतात, कारण त्यांना वाटते की आपण काही बोललो तर आपल्याच मुलावरचा कलंक वाढेल. पूर्ण वाक्य असे आहे की बहुतेक रुग्ण बहुतेक वेळा कोणालाही इजा करत नाहीत, उपचार सुटलेले असताना आणि संशय शिगेला पोहोचलेला असताना काही जण करतात, आणि तेव्हा ती इजा रस्त्यावरच्या परक्या माणसाला क्वचितच होते, ती घरात होते आणि बहुधा जी व्यक्ती जेवू घालते, गोळी हातावर ठेवते तिलाच होते. कर्वेनगरची सोसायटी ज्याला घाबरते आहे तो धोका फार लहान आहे आणि तुमची पत्नी ज्याला घाबरते आहे तो खरा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मांडायला आम्ही शिकले पाहिजे.

तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, म्हणून विचारते : गोळ्या सापडल्यानंतर तुम्ही कधी चहात किंवा आमटीत औषध मिसळले का? मिसळले असल्यास मी तुम्हाला दोष देणार नाही, हातघाईला आलेली कितीतरी घरे ते करतात. पण ते आजपासून थांबवा, कारण ‘चहात काहीतरी आहे’ हा भ्रम त्या दिवशी खरा ठरतो, आणि एकदा खरा ठरलेला संशय मग कोणत्याच डॉक्टरला काढता येत नाही. त्याच्याशी वादही घालू नका आणि हो ला हो ही मिळवू नका. ‘मला चहात काही दिसत नाही, पण तू घाबरला आहेस ते दिसते आहे’ एवढे बोलून थांबावे. काही दिवस त्याला बंद पाकिटातले दूध आणि त्याने स्वतः सोललेली केळी चालत असतील तर तेच खाऊ द्या.

गोळ्या पुरून ठेवणे ही लबाडी नव्हे. आपण आजारी आहोत हेच न उमगणे हा या आजाराचा भाग आहे, आणि त्याखेरीज या औषधांनी वजन वाढते, दिवसभर झापड येते, हातापायांना ताठरपणा येतो, लैंगिक इच्छा मंदावते. हे सगळे चौतिशीतल्या पुरुषाला आईवडिलांसमोर बोलता येत नाही आणि दहा मिनिटांच्या तपासणीत आम्ही ते विचारत नाही. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून हे विचारावे, असा आग्रह तुम्ही धरा.

आता लगेच करायचे ते. मुलगा येत नसेल तर तुम्ही दोघे उद्याच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि मंगळवारची हकीकत जशीच्या तशी सांगा, बांगड्यांसकट. ज्या डॉक्टरांनी टाके घातले त्यांनाही जखमेचे खरे कारण कळू द्या. शक्य असेल तर पत्नीने आठ-दहा दिवस बहिणीकडे किंवा लेकीकडे राहावे. हे मुलाला टाकून जाणे नव्हे, ज्या व्यक्तीवर त्याचा संशय केंद्रित झाला आहे ती समोरून हलली की पुष्कळदा त्याचाही जीव जरा शांत होतो. विळी, सुऱ्या, खलबत्ता स्वयंपाकघरातून काढून कपाटात ठेवा. तो चिडलेला असताना त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नका, त्याला बाहेर पडायला वाट असू द्या आणि तुम्हालाही.

रुग्णालयात दाखल होण्यास तो नकार देत असेल, तरी कायद्याने मार्ग ठेवला आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे, ज्याने नुकतीच हिंसा केली आहे किंवा ज्याच्यामुळे दुसऱ्याला इजेची भीती वाटते आहे अशा रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल करता येते. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्याने प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव लिहून ठेवले नसेल तर ते काम नातेवाईक म्हणून तुमच्याकडे येते. एकदम बिघडल्यास कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो आणि रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका मागवताना आणि ११२ वर पोलिसांना बोलावताना पहिलेच वाक्य ‘घरात मानसिक आजाराचा रुग्ण आहे, त्याला रुग्णालयात न्यायला मदत हवी आहे’ असे असू द्या, ‘मुलगा मारतो आहे’ हे नंतर. पोलिसांना मदतीला बोलावणे म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे. गणवेशातल्या दोन माणसांना पाहून मुलगा भेदरेल हे मात्र खरे आहे, आणि त्या दिवशी तो तुम्हाला जे काही बोलेल ते तुमच्या मनात पुष्कळ दिवस राहील. बऱ्या झालेल्या रुग्णांनी पुढे त्याबद्दल आईवडिलांचे आभार मानलेले मी पाहिले आहेत, न मानणारेही पाहिले आहेत.

मठाचा विचार सोडा. माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे, आणि ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे अशाच एका ठिकाणी आग लागली तेव्हा खाटांना आणि खांबांना बांधलेली अठ्ठावीस माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली, हे त्या नातेवाइकांना सांगा.

घडी बसल्यावर दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलाव्यात. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शने मिळतात, त्यामुळे गोळीवरून रोज होणारी झटापट संपते आणि आईच्या हातातली गोळी नाहीशी झाल्याने आईही पुन्हा आई होते. दुसरे असे की तो बरा असताना, पुन्हा बिघडल्यास कुठे न्यावे, कोणते औषध नको, निर्णय कोणी घ्यावा, हे त्याने स्वतः लिहून ठेवावे. कायद्याने त्याला तो अधिकार दिला आहे आणि हा कायदा आकाराला येण्यात आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रातल्या मंडळींचा मोठा हातभार आहे. तुम्हा दोघांसाठी म्हणून सांगते : डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट चालतात. कडी लावून झोपणारे तुम्ही एकटे नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी कळेल.

प्रश्न : मी हडपसरला राहते, बाळ अडीच महिन्यांचे आहे. महिनाभरापासून माझ्या मनात अचानक चित्र येते की मी बाळाला गॅलरीतून खाली टाकते आहे. सुरी हातात घेतली की अंगावर काटा येतो, म्हणून भाजी सासूबाई चिरतात. गॅलरीत जाणे मी बंद केले आहे आणि बाळाला आंघोळ घालायचेही टाळते. माझे बाळावर खूप प्रेम आहे. मी वेडी होत आहे का? कोणाला सांगितले तर बाळाला माझ्यापासून काढून घेतील का?
– क. द., हडपसर

उत्तर : चारही पत्रांत उत्तर देताना मनावर सर्वांत कमी ओझे वाटले ते तुमच्या पत्राला, जरी लिहिताना तुम्हाला ते सर्वांत जड गेले असेल. बाळाला आपल्या हातून इजा होईल असे नकोसे विचार जवळपास निम्म्या नव्या आयांच्या मनात येऊन जातात, असे यावर झालेल्या अभ्यासात आढळले आहे. बहुतेकींच्या मनातून तो विचार लगेच निघून जातो. काहींच्या मनात तो अडकतो, कारण तो आला याचाच त्यांना धक्का बसतो, मग त्या सुरी टाळतात, गॅलरी टाळतात, आणि जितके टाळावे तितका तो विचार अधिक जोराने येतो. याला आम्ही मंत्रचळाचा प्रकार म्हणतो. त्याची खूणगाठ अशी की विचार नकोसा असतो, त्याची किळस येते, आणि माणूस तो घडू नये म्हणून धडपडत असतो. ज्यांना असा त्रास असतो त्या आया हे विचार प्रत्यक्षात आणत नाहीत. उलट त्यांच्याइतके सावध कोणी नसते.

याहून अगदी वेगळी अशी एक अवस्था असते, तिची माहिती तुमच्या घरच्यांना असावी म्हणून लिहिते. हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, बाळंतिणीला झोपच येईनाशी होते, तिचे बोलणे असंबद्ध होते, तिला आवाज ऐकू येतात किंवा हे बाळ आपले नाहीच, त्याच्यात कोणी शिरले आहे असे तिला ठामपणे वाटते, आणि त्या वाटण्याचे तिला काही विपरीतही वाटत नाही. तशी स्थिती दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, आई आणि बाळ यांना एकटे सोडायचे नाही. ‘बाहेरची बाधा’ म्हणून उतारा करण्यात घालवलेली एक रात्रही महागात पडू शकते. तुमच्या पत्रात यातले काही नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि हे पत्रच त्यांच्यापुढे ठेवा, तोंडाने बोलायला जमले नाही तरी चालेल. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, आणि टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने पुन्हा करत जाण्याची उपचारपद्धती या त्रासात फार गुणकारी आहे. बाळ काढून घेतले जाण्याची भीती बाळगू नका. रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या आईपासूनही तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये असेच कायदा सांगतो. सासूबाईंना एवढेच सांगा की बाळाला आंघोळ मीच घालीन, तुम्ही फक्त शेजारी पाटावर बसा. रात्री अगदीच राहवले नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : रोज कामाला जाताना स्वारगेटच्या पुलाखाली एक माणूस दिसतो. केस वाढलेले, अंगावर उन्हाळ्यातही दोन-तीन स्वेटर. हातवारे करत बोलतो. लोक लांबून जातात, मुले दगड मारतात. मलाही भीती वाटते, पण रोज तसेच पुढे जाणे बरे वाटत नाही. कोणाला कळवायचे?
– अ. प., पर्वती

उत्तर : ११२ ला किंवा जवळच्या पोलीस चौकीला. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मानसिक रुग्ण दिसल्यास त्याला संरक्षणात घेणे हे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यांनी त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे असते, आणि कोठडीत ठेवता येत नाही. चौकीत ‘त्याने काही केले आहे का?’ असे विचारले तर नाही म्हणा आणि कलमाचा आकडा सांगा, त्याने फरक पडतो. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, हेही सांगून ठेवा.

त्याच्याजवळ जायचे असेल तर समोरून, त्याला दिसेल असे, हात मोकळे ठेवून जा आणि दोन हात अंतरावर थांबा. खांद्याला हात लावू नका, फोटो काढू नका. पाण्याची बाटली द्यायची असेल तर हातात न देता खाली ठेवून मागे सरका. दगड मारणाऱ्या मुलांना मात्र जरूर रागवा. आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत जमले तर रस्त्याच्या पलीकडे थांबून राहा, कारण तो माणूस कोणत्या बाजूला गेला हे सांगायला तिथे कोणीच नसते.